माझं आलं तरच दाब

माझी धाकटी बहीण ब्राह्मणपुरीला असते. तिला लिहिता-वाचता येत नाही. मूलबाळ नाही, मेहुणेही वारले. तिच्या शेताचा एक पट्टा रस्त्यात गेला, त्याचे पैसे तिच्या खात्यात आले, आणि म्हातारपण त्याच पैशांवर काढायचं हे तिलाही माहीत होतं, मलाही. फोन तिला मीच घेऊन दिला. तिच्या ओट्यावर बसून शिकवलंही मीच.

"बाई, यामां कोन बी काय बी पाठाडस. लाइटबिल म्हनतीन, लॉटरी म्हनतीन. कोन्हंच दाबू नको. मन्हा फोटो दिसना, मन्हं उनं, तरच दाब."

"आनि तूच भलतं पाठाडं तं?" ती हसून म्हणाली.

मला राग आला. मी चौथीच शिकलो, पण आयुष्यात मला कोणी फसवलेलं नाही. कापसाचं बी घेताना मी दुकानदारासमोर पिशवी फोडून बघतो, तो कितीही तोंड वाकडं करो. आमच्या गावात, कळसाडीत, माझा शब्द चालतो. मी तिला म्हणालो, "मी पाठाडसू भलतं?" त्या दिवसापासून तिने तेवढा एकच नियम पाळला. भाऊ सांगेल ते दाबायचं.

आता आमच्या भाऊकीची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात लग्नाचं आमंत्रण आधी वयाने थोरल्याच्या घरी येतं. थोरल्याने सुपारी उचलली की ते साऱ्या भाऊकीला पोचलं. थोरल्याला वगळून कोणी घरोघर पत्रिका वाटल्या तर निम्मी घरं लग्नाला जात नाहीत. मोठे भाऊ वारल्यापासून तो मान माझ्याकडे आहे. आता पत्रिका फोनवर येतात, पण रीत तीच ठेवली आहे. पत्रिका माझ्याकडे येते, मी भाऊकीच्या गटावर पाठवतो, मग लोक मानतात.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी आठ-साडेआठला ओट्यावर चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. 'आमचे घरी शुभविवाह योजिला आहे, आपण वडीलधारे, अगत्य येणेचे करावे, पत्रिका खाली दिली आहे.' खाली निळ्या अक्षरांत इंग्रजी काहीतरी, बोटभर लांबीचं. नेहमीचे पत्ते इतके लांब असतात की दोन-तीन ओळी खातात. हे आखूड होतं. मला वाटलं, बरं आहे, सुटसुटीत आहे.

मी दाबलं. नुसतं गोल फिरत राहिलं. आमच्या ओट्यावर नेट धड लागत नाही.

लग्न कोणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. सुरतेकडे गेलेले आमचे पुष्कळ लोक आहेत, त्यांच्यापैकी कोणाचं असेल असं मी धरलं. उलट फोन करून 'तू कोण रे?' असं विचारणं माझ्या जिवावर आलं. थोरल्याला आपली माणसं ओळखू येत नाहीत असं कसं दाखवायचं? म्हणून मी ते तसंच गटावर ढकललं आणि खाली माझ्या आवाजात बोललो, "सर्वांनी पत्रिका पाहून घ्या, लग्नाला यायचं आहे." बहीण गटात नाही. तिला वेगळं पाठवलं आणि वेगळं बोललो, "बाई, पत्रिका उनी शे, दखी ले."

न उघडता पाठवलं. एवढंच मी केलं.

थोड्या वेळाने घरातून बायको आली. "आयका का, सून सांगी ऱ्हायनी, ते गटवर पाठाडेल काढी टाका म्हने. ते बराबर नही."

आमची सून लोणखेड्याला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. मुलगा नोकरीला सुरतेत. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी समोरासमोर बोललेली नव्हती. आमच्यात सून सासऱ्यापुढे बोलत नाही. डोक्यावर पदर घेते, दाराआड उभी राहते, आणि काही सांगायचं असेल तर सासूकडून सांगते. बाकीच्या घरांतून ही रीत गेली. माझ्या घरातून मी जाऊ दिली नव्हती.

"तिले सांग," मी म्हणालो, "लगीनना मान माले शिकाडू नको."

दाराआडून बांगड्या वाजल्या, मग पावलं आत गेली.

मग पुतण्याचा फोन आला. "काका, कोन्हं लगीन शे?"

इथे तरी मला खरं बोलता आलं असतं. पण मी म्हणालो, "डोया नहीत का तुले? उघडीसन दख!"

त्याने उघडलं.

अर्ध्या तासात तीच पत्रिका मला पुतण्याकडून आली. मग गटावर त्याच्या नावाने दोनदा आली. मग कोणीतरी लिहिलं, त्याच्या सासुरवाडीला सगळ्यांना आली. त्याला फोन लावला तर तो ओरडतच होता, "काका, मी नही पाठाडी ऱ्हायनू! आपोआप जाई ऱ्हायनं! फोन मन्हं आयकत नही!"

मला पहिल्यांदा जे सुचलं ते मी केलं. फोन बंद केला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि आत जाऊन ज्वारीच्या कोठीत ठेवला. झाकण लावलं. बंद केला म्हणजे निघालेलं थांबेल असं मला खरोखर वाटलं. कोठीला हात लावून उभा होतो तेव्हाच बहीण आठवली.

तिने दुसऱ्या कोणाचं दाबलं नसतं. माझंच दाबलं असतं.

कोठीत हात घालून फोन काढला. चालू व्हायला किती वेळ लावतो तो! बहिणीला लावला. घंटी वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा. तिच्या नावावर बघितलं तर मी पाठवलेल्या पत्रिकेखाली दोन निळ्या खुणा. याचा अर्थ मला माहीत आहे. तिने पाहिलं होतं. माझा आवाजही ऐकला होता.

बायको चुलीपाशी होती. "सून कोठे शे?" मी विचारलं.

"मागला दारे. गाडी काढी ऱ्हायनी. काय सांगनं शे? मी सांगस."

"तू नको सांगू."

मी मागच्या दाराशी गेलो. सून स्कूटीला किल्ली लावत होती. मला बघून तिने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे सरकली. तिला हाक काय मारायची हेच मला माहीत नव्हतं.

"बेटा," मी म्हणालो, "ते दाबलं तं काय व्हस?"

ती हळू बोलली, ऑफिसात बोलतात तसं बोलली. "आबा, तुम्ही दाबलंय का?"

"दाबं व्हतं. उघडं नही."

"फोन द्या."

तिने माझ्या फोनमध्ये काय काय पाहिलं, आणि श्वास सोडला. म्हणाली, तुमच्यात काही उतरलेलं नाही. मग माझ्यासमोर तिने एक केलं, ते मी अजून विसरलो नाही. त्या निळ्या अक्षरांवर तिने बोट टेकवलं आणि दाबून धरलं, सोडलं नाही. उघडण्याऐवजी ते नुसतं उचललं गेलं. मग तिच्या फोनमध्ये एका जागी नेऊन चिकटवलं. ती म्हणाली, "आखूड पत्ता म्हणजे वरून बांधलेलं गाठोडं, आबा. आत काय आहे ते दिसत नाही. ही जागा गाठोडं न सोडता आतला खरा पत्ता दाखवते. आपण आत जात नाही, नुसतं कुठे जाणार ते बघतो."

खरा पत्ता आला. लांबलचक, तीन ओळी. त्यात ना लग्न, ना कोणाचं नाव. शेवटी तीन इंग्रजी अक्षरं होती, त्यांवर तिने नख ठेवलं. "पत्रिका असती तर फोटो असता. हे फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप आहे. हे एकदा बसलं की बँकेचे मेसेज दुसराच वाचतो."

"आनि पत्ता चांगला दिसना तं? मंग दाबाना?"

"तरी पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचं. पत्ता बघून सगळंच कळतं असं नाही."

पिशवी फोडून बी बघणारा मी.

"ब्राह्मणपुरीले पाठाडेल शे," मी म्हणालो. "तुन्ही आत्याले. तिन्ही दखेल शे. फोन उचली नही ऱ्हायनी."

सुनेचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला, कारण तिचा पदर मागे गेला होता आणि तिने तो सावरला नाही. "त्यांच्या खात्यात..." एवढंच ती बोलली. मग तिने माझ्या फोनवरून ते सगळीकडचं पुसून टाकलं, गटावरचं आणि बहिणीकडचं. "आता गटावर बोला. कोणी उघडू नका म्हणा. खरं काय झालं ते सांगा."

मी फोन तोंडाशी धरला. भाऊकीची साठ-सत्तर घरं. मी बोललो, "सर्वांनी ऐका. ती पत्रिका खोटी आहे. कोणीतरी माझ्या फोनातून परस्पर पाठवली. उघडू नका."

सुनेने ऐकलं. ऑफिसात फोन करून, आज येत नाही, घरी अडचण आहे, एवढं सांगितलं आणि गाडी चालू केली. "बसा, आबा."

सुनेच्या मागे गाडीवर सासरा बसलेला आमच्या गावात मी तरी पाहिलेला नव्हता. पारावर माणसं होती. एकाने मुद्दाम हाक मारली, "काय बुवा, आज कोठे?" दोन्ही हातांनी मागची दांडी धरून बसलो होतो. सुनेला हात लागू नये म्हणून अंग मागे ताणलेलं, आणि प्रत्येक खड्ड्यात वाटायचं, आता पडतो. पुढे कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर. त्यांच्यामागे अडकून राहायचो. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. बहीण ओट्यावर बसली आहे, चष्मा नाकावर आला आहे, आणि ती भावाचं नाव घेऊन एकेक बटण दाबते आहे.

अर्ध्या वाटेवर सून बोलली. "मी सकाळीच आईंना सांगितलं होतं."

"माले कसाले नही सांगं?"

वाऱ्यात तिचं उत्तर उशिरा आलं. "तुमच्यासमोर कशी बोलणार होते?"

तासभर गेला होता. तो तास माझ्या घरच्या दाराआड उभा राहिला होता, पदर घेऊन.

बहीण ओट्यावरच होती. एकटी. फोन मांडीखाली पालथा घातलेला. आम्हाला दोघांना एका गाडीवरून उतरताना पाहून ती आधी घाबरलीच. "काय व्हयनं भाऊ? कोन गयं?"

"पत्रिका दाबी का?"

"दाबी ना. तूच सांगं ना दखी ले. पन पत्रिका काही दिसत नही. नुसतं इचारी ऱ्हायनं. मी हा हा दाबी ऱ्हायनू."

मी ओट्याच्या कडेला बसलो. सुनेने मांडीखालून फोन ओढून घेतला. पडद्यावर आकडे मागणारी चौकट उघडी होती, वर बँकेसारखं चित्र. "आत्या, आकडे टाकले का? चार आकडे? खरं सांगा."

"आशी कशी टाकसू? शेजारीन बठेल व्हती ना तासभर. तिन्हा समोर आकडा कशा दाबू? बँकवालानी सांगेल शे, कोन्हा समोर दाबानं नही. म्हनीसन मी फोन मांडीखाल ठेवी दिना. ती आत्ते उठनी. मी आते दाबनारच व्हतू, तं तुम्ही उनात."

शेजारीण दुधाच्या डेअरीवरचं काहीतरी भांडण सांगायला आली होती. ते भांडण लांबलं. त्या बाईला हे अजून माहीत नाही. फोनचा आवाज बंद झालेला होता, कधी, कोणास ठाऊक, म्हणून माझ्या घंट्या बहिणीला ऐकूच गेल्या नव्हत्या.

मला वाटलं सुटलो. सून म्हणाली, "नाही आबा. आकडे टाकले नाहीत, पण अ‍ॅप बसलंय. मेसेज जात असतील." तिने वरून विमानाचं चित्र दाबलं, म्हणजे फोनचा जगाशी संबंध तुटतो. मग पासबुक मागितलं. बँकेचा नंबर तिने पासबुकावरचाच घेतला. नेटवर शोधलेला नंबरही खोटा निघतो म्हणे. तिच्या फोनवरून बोलून खातं थांबवायला सांगितलं. तिकडून उत्तर आलं, थांबवतो, पण स्वतः या, अंगठा लागेल.

"पैसा शेतस का, ते इचार ना," मी म्हणालो.

"फोनवर सांगत नाहीत, आबा."

बहीण गाडीवर सुनेच्या मागे बसून पुढे गेली. मी मागून काळीपिवळीत. त्या जीपमध्ये चौदा माणसं होती. कोणी केळीच्या भावाचं बोलत होतं. माझ्या बाजूच्याने मला दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी मान हलवली. मेहुण्यांचा विचार मनात येत होता. शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, बोलले काही नव्हते.

बँकेत पोचलो तेव्हा दोघी टेबलापाशी बसल्या होत्या. साहेब तरुण होता, मशीनमध्ये बघत होता. बघतच होता. बहिणीने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी उभाच राहिलो.

"पैसे आहेत," साहेब म्हणाला. "सगळे आहेत. एकदा काढायचा प्रयत्न झालेला दिसतो, पण खातं त्याच्या आधी थांबलं."

बहिणीने पदर सोडला. रडली नाही. नुसते हात जोडले, साहेबाला, मग सुनेला.

साहेबाने कागद काढला. "तक्रार लिहून द्यावी लागेल. आजी, ही लिंक कोणाकडून आली?"

मी तोंड उघडण्याआधी बहीण बोलली, झटकन. "अनोळखी व्हता साहेब. नंबर माहीत नही."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. साहेब लिहायला लागला. अ, नो... मला त्याचं पेन दिसत होतं. सून खाली बघत होती. मागे रांगेत आमच्या तालुक्याची दहा-बारा माणसं, त्यांतली दोन-तीन मला ओळखणारी. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कोणी काही म्हणालं नसतं. सकाळी गटावर मी हेच तर बोललो होतो.

"साहेब, ते खोडा," मी म्हणालो. "मी पाठवली. मी हिचा सख्खा भाऊ."

साहेबाने वर पाहिलं. "तुम्ही? उघडून पाहिली होती का?"

"नाही."

"मग का पाठवली?"

याचं उत्तर कागदात लिहिण्यासारखं नव्हतं. "थोरला आहे म्हणून," मी म्हणालो. त्याला ते कळलं नसणार. त्याने 'भावाकडून' असं लिहिलं आणि कागद बहिणीकडे अंगठ्यासाठी फिरवला.

तिथेच भिंतीपाशी उभा राहून मी गटावर पुन्हा बोललो. परस्पर कोणी पाठवली नाही, मीच न बघता पाठवली, असं. पुतण्याने ते ऐकलं. त्याचा फोन पुढे पुसून नवा करावा लागला आणि सासुरवाडीला त्याला माफी मागावी लागली. तो माझ्याशी अजून धड बोलत नाही. मी त्याला बोल लावत नाही.

सून संध्याकाळी बहिणीचा फोन पुसून नवा करायला घेऊन कळसाडीला परतली. मी बहिणीकडेच राहिलो. खातं काही दिवस थांबलेलंच ठेवणार होते. साहेबाने सांगितलं होतं, काळजी करू नका. पण भीती अशी सांगून जात नाही. काढायचा प्रयत्न झाला, हे वाक्य मला सोडत नव्हतं. म्हणजे कोणीतरी कुठेतरी बसून माझ्या बहिणीच्या पैशांपर्यंत हात घातला होता, आणि दार मी उघडून दिलं होतं. तो माणूस कसा दिसत असेल, हे मी जेवताना डोळ्यांपुढे आणायचो आणि घास फिरायचा. बहीण भाकरी वाढायची, पण नेहमीसारखं बोलायची नाही. एकदा तिने विचारलं, "मंग आते मी कोन्हं दाबू?" मी म्हणालो, कोणाचंच नको, माझंही नको, आधी माझ्या सुनेला पाठव, ती आतला पत्ता बघेल, मग. तिने "बरं" म्हटलं. तिच्या तोंडून इतकं कोरडं 'बरं' मी कधी ऐकलं नव्हतं.

रोज सकाळी आम्ही दोघं बँकेत जायचो. मी पुढे होऊन विचारायचो, "शेतस का?" साहेब मशीन बघून म्हणायचा, "आहेत, बाबा." मग दिवस ढकलता यायचा.

चौथ्या दिवशी पायरीशी आल्यावर ती थांबली. "भाऊ, तू आठेच बठ. मी इचारी येस."

"तुले वाचता येत नही."

"इचाराले वाचनं कसाले लागस?"

ती आत गेली. मी पायरीवर बसलो. काचेतून ती दिसत होती, रांगेत उभी, पासबुक छातीशी धरलेलं. तिचा नंबर आला. ती काही बोलली, साहेब काही बोलला. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. मला दोघांचे ओठ दिसत होते, शब्द नाही. आयुष्यात इतका लहान मी कधी झालो नव्हतो, आणि उठून आत जायची छातीही होत नव्हती.

ती बाहेर आली. मी उठून उभा राहिलो. तिने मला काही सांगितलं नाही. हात पुढे करून माझा फोन मागितला आणि म्हणाली, "सूनले लाव."

मी लावून दिला. तिने तो कानाला धरला, माझ्याकडे पाठ केली आणि बोलली, "हा पोरी, मी बोली ऱ्हायनू. मी सोता इचारं. सगळा जागावर शेतस."